तळहातावरचे तारांगण

यंदा दिवाळीच्या साफसफाईत मामाचा पाम सापडला. पाम म्हणजे एके काळी लोक शर्टाच्या खिशात घालून हिंडत असत तो तळहाताएवढा संगणक. राखाडी रंगाचा, साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा, खाली चार-सहा बटणे आणि पाठीमागच्या खाचेत लपवलेली एक काडी. माझ्या मुलीने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, ‘आई, हा फोन आहे का कॅलक्युलेटर?’

मी म्हटले, ‘तारांगण आहे.’

तिला ती थट्टा वाटली. पण आमच्या घरात त्या यंत्राचा उपयोग खरोखर तेवढाच झाला. लोक त्यात पत्ते, फोन नंबर आणि भेटीच्या वेळा लिहीत. मामाला ना कुणाला भेटायची घाई, ना फोन करायची हौस. तो गणिताचा मास्तर. 1994 मध्ये निवृत्त झाल्यावर डोंबिवलीच्या इमारतीची गच्ची हेच त्याचे कार्यालय झाले. महिन्या-दोन महिन्यांनी शनिवारी रात्री कर्जत लोकल पकडून वांगणीला जायचे, हौशी मंडळींबरोबर माळावर सतरंजी टाकून पहाटेपर्यंत आकाश बघायचे आणि रविवारी दुपारी दोन वाजेपर्यंत झोपायचे, हा त्याचा नेम. मामी म्हणे, ‘आमच्याकडे रविवार शनिवारीच संपतो.’

मामेभाऊ तेव्हा सॅन होजेला होता. ‘वायटूके’च्या लाटेत जी हजारो मुले अमेरिकेत गेली त्यांतला एक. 1998 च्या डिसेंबरात तो सुट्टीवर आला तेव्हा त्याने वडिलांसाठी हा पाम आणला. येताना त्यात एक कार्यक्रम घालून आणला होता. पडदा उघडला, काडीने एका चित्रावर टेकवले, की आत्ता या क्षणी डोंबिवलीवर असलेले आकाश समोर. मामा कितीतरी वेळ काही बोललाच नाही. मग चष्मा पुसून त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘याला अक्षांश कुठे सांगायचे?’

खिशातला लाकडी ठोकळा

या यंत्राची जन्मकथा मोठी गमतीची आहे. जेफ हॉकिन्स या अमेरिकन अभियंत्याने 1992 मध्ये पाम कंपनी काढली. हातात मावणारे संगणक करण्याचे प्रयत्न तेव्हा अनेकांचे चालू होते. ॲपलचा न्यूटन 1993 मध्ये आला. तो महाग होता, खिशात मावत नव्हता आणि माणसाचे हस्ताक्षर ओळखताना अशा काही चुका करायचा की वर्तमानपत्रांतल्या व्यंगचित्रकारांना तो एक विषयच मिळाला. हॉकिन्सने उलट्या टोकापासून सुरुवात केली. शर्टाच्या खिशात बसेल असा एक लाकडी ठोकळा त्याने कापून घेतला आणि तोच घेऊन तो हिंडू लागला. बैठकीत कुणी वेळ मागितली की ठोकळा बाहेर काढायचा आणि काडीने त्यावर लिहिल्यासारखे करायचे. आपण खरोखर हे खिशात बाळगू का आणि त्याच्याकडून काय काय करून घेऊ, हे त्याला आधी कळून घ्यायचे होते. यंत्र त्यानंतर झाले.

1996 मध्ये पहिला ‘पायलट’ बाजारात आला. पेन बनवणाऱ्या पायलट कंपनीशी नावावरून वाद झाल्यामुळे पुढे ‘पायलट’ गळाले आणि ‘पाम’ राहिले. लोक मात्र शेवटपर्यंत ‘पाम पायलट’च म्हणत राहिले. हस्ताक्षराचा प्रश्न हॉकिन्सने मास्तरांच्या पद्धतीने सोडवला. यंत्राने माणसाचे अक्षर शिकण्याऐवजी माणसानेच यंत्रापुरते अक्षर थोडे बदलावे. इंग्रजी ‘ए’ची मधली आडवी रेघ गाळायची, म्हणजे काडी न उचलता अक्षर पुरे होते. मामा ही लिपी दोन दिवसांत शिकला. आयुष्यभर मुलांची वाईट अक्षरे वाचणाऱ्या माणसाला असा आज्ञाधारक विद्यार्थी प्रथमच भेटला होता.

आत काय होते? आजच्या मापाने जवळजवळ काहीच नाही. मामाच्या पामची स्मृती दोन मेगाबाइट होती. आपल्या फोनमधला एखादा साधा फोटोही त्यात मावणार नाही. पडदा सहा सेंटिमीटरांच्या आसपास, त्यावर 160 गुणिले 160 म्हणजे 25,600 ठिपके. रंग नाहीत. टीव्हीच्या रिमोटमध्ये घालतो तसले दोन बारीक सेल घातले की काही आठवडे काम चाले. एवढ्याशा जागेत आकाश कसे बसवायचे, हा प्रश्न ज्यांना पडला ते कुणी मोठ्या कंपनीचे नोकर नव्हते. दिवसा दुसरीकडे काम करणारे, रात्री दुर्बिणीला डोळा लावणारे हौशी लोक होते. पाम कंपनीने आपल्या यंत्रासाठी कार्यक्रम कसे लिहावेत याची माहिती खुली ठेवली होती, आणि त्यासाठी लागणारी काही साधने फुकट मिळत. त्यामुळे जगभरातल्या हौशी मंडळींनी या यंत्रासाठी हजारो कार्यक्रम लिहिले. ‘प्लॅनेटेरियम’ आणि ‘टू-स्काय’ ही त्यांतली आकाशवेड्यांमध्ये गाजलेली दोन नावे. ‘टू-स्काय’ तर केबल जोडून मोठी दुर्बीणही हव्या त्या ताऱ्याकडे वळवू शके. आधी वापरून पाहा, आवडले तर थोडे पैसे पाठवा, असा बहुतेकांचा व्यवहार.

आर्यभटाचा वशिला

मामाला आकाश दिसण्यापेक्षा ते कसे दिसते याचे कौतुक अधिक. एका पावसाळी संध्याकाळी, भज्यांच्या बशीशेजारी कागद घेऊन त्याने मला ते समजावून सांगितले. मी गणितात बेताचीच, तरी ते समजले. म्हणून वाचकांनाही समजायला हरकत नाही.

तारे एकमेकांच्या संदर्भात जवळजवळ स्थिर असतात. म्हणून प्रत्येक ताऱ्याचा आकाशातला ‘पत्ता’ एकदाच लिहून ठेवता येतो. जसे जमिनीवर रेखांश-अक्षांश, तसे आकाशात विषुवांश आणि क्रांती. नुसत्या डोळ्यांना दिसू शकणाऱ्या ताऱ्यांची येल विद्यापीठाची प्रसिद्ध यादी आहे, तिच्यात 9,110 नोंदी आहेत. प्रत्येक ताऱ्याला पत्त्यासाठी चार आणि तेजस्वितेसाठी एक असे पाच बाइट दिले, तर सगळे आकाश 46 हजार बाइटांच्या आत बसते. म्हणजे एखाद्या दिवाळी अंकातल्या दोन-तीन कथांएवढी जागा! अचूकपणाची चिंताही फारशी नाही. पडद्यावर 90 अंशांचे आकाश दाखवले तर एक ठिपका अर्ध्या अंशाहून थोडा मोठा होतो, आणि आपला पौर्णिमेचा चंद्र अर्ध्याच अंशाचा असतो. अख्खा चंद्र एका ठिपक्यात गडप!

खरी मेहनत पुढे आहे. आज कोणता दिवस, किती वाजले, आपण कुठे उभे आहोत, यावरून यातले कोणते तारे क्षितिजाच्या वर आहेत ते काढायचे. त्यासाठी आधी तारखेचे रूपांतर एका सलग आकड्यात करतात. जोसेफ स्कॅलिजर याने 1583 मध्ये सुचवलेली ही ‘ज्युलियन दिवसां’ची मोजणी इसवी सनपूर्व 4713 च्या 1 जानेवारीपासून सुरू होते. 1 जानेवारी 2000 च्या ग्रीनिचच्या दुपारी हा आकडा 24,51,545 होता. इथे मामाने मांडीवर थाप मारली. ‘अगं, हा आपला अहर्गण! आपल्या जुन्या ज्योतिषांनी कलियुगाच्या आरंभापासून दिवस मोजले, यांनी दुसरीकडून मोजले. महिने-वर्षे ही माणसांची सोय. आकाशाला नुसते दिवस पुरतात.’

मग येतात त्रिकोणमितीची कोष्टके. पाममधल्या 16 मेगाहर्ट्झच्या मोटोरोला चिपला दशांश अपूर्णांकांचे गणित स्वतःहून येत नव्हते. पूर्णांकांच्या बेरजा-गुणाकारांवरून ते करून घ्यावे लागे आणि त्यात वेळ जाई. हजारो ताऱ्यांसाठी ‘साइन’ काढत बसले तर चित्र उमटेपर्यंत तारा मावळायचा. अशा यंत्रांवर नेहमीची युक्ती अशी, की ठराविक अंतरावरच्या कोनांच्या साइनचे कोष्टक आधीच भरून ठेवायचे आणि मधल्या कोनांसाठी शेजारच्या दोन आकड्यांवरून अंदाज काढायचा. नेमके हेच आर्यभटाने इसवी सन 499 मध्ये केले होते. पाव वर्तुळाचे 24 भाग, प्रत्येक भाग पावणेचार अंशांचा, आणि त्यांच्या अर्धज्यांचे कोष्टक. ‘साइन’ हा शब्दसुद्धा आपल्या ‘ज्या’ या शब्दापासून अरबी आणि लॅटिनमार्गे, वाटेत अर्थ बदलून, तयार झालेला. ‘म्हणजे अमेरिकेच्या यंत्रात आपला वशिला आहे,’ मामा म्हणाला आणि शेवटचे भजे उचलले.

ग्रह मात्र स्थिर नाहीत. त्यांच्यासाठी केप्लरच्या नियमांनी लंबवर्तुळावरची जागा काढायची, तीही थेट सूत्राने नव्हे, तर अंदाज करायचा, सुधारायचा, पुन्हा सुधारायचा, अशा पद्धतीने. या सगळ्या रीती बेल्जियमच्या ज्याँ मीअस यांनी 1991 च्या आपल्या ‘ॲस्ट्रॉनॉमिकल अल्गोरिदम्स’ या ग्रंथात सामान्य संगणकबाजांसाठी मांडल्या. हौशी लोकांच्या टेबलावर हा ग्रंथ असणार असे समजून चालायला हरकत नव्हती.

गच्चीवरची गर्दी

मामाच्या पामची कीर्ती इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. पहिले गिऱ्हाईक तळमजल्यावरच्या आजी. संकष्टीचा चंद्रोदय किती वाजता, हा त्यांचा प्रश्न. कॅलेंडरात छापलेली वेळ आणि पामची वेळ यांत एखाद्या मिनिटाचा फरक आला की त्या मामाला धारेवर धरत. त्यांची बहीण नागपूरला होती. तिचा उपास आपल्या आधी कसा सुटतो, हे त्यांना आयुष्यभर न उलगडलेले कोडे. मामाने पाममध्ये डोंबिवलीचे रेखांश खोडून नागपूरचे घातले, आणि चंद्र साधारण पंचवीस मिनिटे आधी उगवला. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सहा अंशांहून थोडे जास्त. पृथ्वीला एक अंश वळायला चार मिनिटे लागतात. आजींचे समाधान झाले, पण बहिणीवरचा राग गेला नाही.

2000 सालच्या मे महिन्यात प्रकरण जरा गंभीर झाले. 5 मे रोजी सूर्य, चंद्र आणि बुध ते शनी असे पाच ग्रह आकाशाच्या पंचवीसेक अंशांत जमणार होते, आणि जगबुडीच्या कंड्या पिकल्या होत्या. वरच्या मजल्यावरच्या एका बाईंनी मुलांना गावी पाठवायचे ठरवले. मामाला 1962 च्या फेब्रुवारीतली अष्टग्रही आठवत होती. तेव्हा तो 26 वर्षांचा होता. गावोगावी होमहवने झाली, आणि काहीच झाले नाही म्हणून हवनांचेच यश मानले गेले, हे तो नेहमी सांगे. त्याने बाईंना पामच्या पडद्यावर 5 मे दाखवला. सगळे ग्रह सूर्याला चिकटलेले, म्हणजे दिवसाउजेडी डोक्यावर आणि रात्री क्षितिजाखाली, दिसणारसुद्धा नाहीत. मग काडीने तारीख पुढे ढकलत नेली. ‘हे बघा, दोन वर्षं थांबा. 2002 च्या मे महिन्यात हेच पाच ग्रह संध्याकाळी पश्चिमेला एका रांगेत दिसतील. तेव्हा मुलांना गावाहून बोलवा.’

आणि खरोखर 2002 च्या मे महिन्यात आमच्या गच्चीवर जत्रा भरली. खाली बुध, मग शुक्र, मंगळ, शनी आणि वर गुरू. मामाने पामच्या पडद्यावर हारतुऱ्यांना गुंडाळतात तो लाल जिलेटिनचा कागद चिकटवला होता. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने ती मेहनत वाया जाते. लाल उजेड मात्र त्यांना फारसा बाधत नाही. मुलांनी पाम मागितला की त्याची एकच अट असे. ‘आधी उत्तर दाखवा.’ कारण त्या यंत्रात होकायंत्र नव्हते. आपले तोंड कुठे आहे हे त्याला आपणच सांगायचे. मग मुले हात लांब करून क्षितिजावर एकावर एक दोन मुठी मोजत. एक मूठ म्हणजे सुमारे दहा अंश. आपले अक्षांश एकोणीस, म्हणून ध्रुव दोन मुठींच्या जरासा खाली. ध्रुव सापडला की मगच काडी हातात.

माझी चूक

आता जी गोष्ट सांगायची मी टाळत आले ती सांगते.

2003 च्या ऑगस्टमध्ये मामाच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. त्याच महिन्याच्या 27 तारखेला मंगळ सुमारे साठ हजार वर्षांत आला नव्हता इतका पृथ्वीच्या जवळ, 5 कोटी 58 लाख किलोमीटरांवर, येणार होता. ‘ढगच असतील,’ म्हणून मामाने स्वतःची समजूत घातली आणि रुग्णालयात जाताना पाम माझ्या हाती दिला. ‘सेल उतरत आलेत. आठवणीने बदल.’

या यंत्राची एक गोष्ट मला तेव्हा नीट कळली नव्हती. त्यातले सगळे, कार्यक्रमही आणि आपण लिहिलेलेही, सेलच्या विजेवर जगे. सेल बदलताना मिनिटभर ते तग धरी. पण सेल पुरते संपले तर पाटी कोरी. म्हणून अधूनमधून ते मोठ्या संगणकाला जोडून नक्कल करून ठेवायची असे. मामाचा जुना संगणक त्या वर्षीच्या सुरुवातीला बिघडला होता आणि दुरुस्तीचे राहून गेले होते.

मी पाम कपाटात ठेवला. पुढचे तीन आठवडे रुग्णालय, डबे आणि औषधे यांत गेले. मामा घरी आला, चार दिवसांनी त्याने पाम मागितला, आणि मी तो दिला तेव्हा पडदा उजळला नाही. नवे सेल घातले तर यंत्राने कारखान्यातून नुकतेच आल्यासारखी आजची तारीख विचारली.

कार्यक्रम गेला त्याचे काही नव्हते. पण मामा वर्षभर मायरा या ताऱ्याच्या नोंदी त्यात ठेवत होता. तिमिंगल नक्षत्रातला हा रूपविकारी तारा सुमारे 332 दिवसांत नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतका तेजस्वी होतो आणि मग पुन्हा दिसेनासा होतो. 1596 मध्ये फॅब्रिशियसच्या ते प्रथम लक्षात आले, तेव्हापासून जगभर लोक त्याच्याकडे डोळे लावून बसतात. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून ‘आज इतका’ असे लिहायचे, एवढेच काम. पण ते रात्रीमागून रात्री करावे लागते. गेलेली रात्र पुन्हा मोजता येत नाही. पाम मागच्या दहा हजार वर्षांतला ग्रह कुठे होता ते गणिताने काढू शकला असता. पण त्या हिवाळ्यात मामाला मायरा कसा दिसला हे कोणत्याही सूत्रात नव्हते.

मामा रागावला असता तर बरे झाले असते. तो म्हणाला, ‘तुला सांगताना मी तुझ्यासमोरच सेल बदलायला हवे होते.’ आणि मामीला म्हणाला, ‘कोपऱ्यावरून एक शंभर पानी वही आण.’

कार्यक्रम परत मिळवायचीही एक कथाच झाली. तो पुन्हा घालता आला, पण पैसे भरल्याची खूण म्हणून मिळालेला आकडा हरवला होता. हा आकडा ज्याच्या-त्याच्या नावावरून बेतलेला असे, दुसऱ्याचा चालत नसे. मामाने कार्यक्रम लिहिणाऱ्या माणसाला मामेभावाकडून ई-मेल लिहवला. दोन दिवसांत नवा आकडा आला, पैशांची गोष्टही निघाली नाही. कुठल्याशा देशातला एक अनोळखी माणूस रात्री आपल्या टेबलाशी बसून डोंबिवलीच्या एका निवृत्त मास्तरासाठी आकडा काढतो, याचे मामाला फार अप्रूप वाटले. ‘दुकानदार नाही गं तो, आपल्यातलाच आहे,’ असे तो म्हणाला.

2031 नंतर

पाम कंपनीचे पुढे काय झाले ते आता इतिहासजमा आहे. फोनच संगणक झाले. 2009 मध्ये कंपनीने जाहीर केले की जुन्या पाम प्रणालीची यंत्रे यापुढे निघणार नाहीत. 2010 मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने कंपनी विकत घेतली आणि 2011 च्या ऑगस्टमध्ये हा सगळा धंदाच गुंडाळला. मामाही त्याच वर्षी गेला.

यंदा पाम सापडल्यावर मी सेल आणून घातले. पडद्याच्या कोपऱ्यांतल्या खुणांवर काडी टेकवली. यंत्र जागे झाले, अर्थात कोरे. त्या प्रोग्रामरला मी जुन्या पत्त्यावर ई-मेल पाठवला; तो पोचला नाही म्हणून परत आला. त्याच्यावर तो कार्यक्रम अडला आहे. मोठ्या कंपनीची वस्तू बंद पडली तर निदान कुणाकडे तक्रार करता येते. हौशी माणसाची वस्तू त्या माणसाबरोबर हळूच निघून जाते. सगळेच गेले असे मात्र नाही. इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने 2022 मध्ये पामचे शेकडो जुने कार्यक्रम गोळा करून आजच्या संगणकाच्या पडद्यावर चालवून दाखवले. त्यामागेही पुन्हा हौशी लोकच.

मुलीच्या फोनवर अर्थातच याहून कितीतरी सरस तारांगण आहे. फोन आकाशाकडे धरला की तो स्वतःच दिशा ओळखतो आणि ताऱ्यांची नावे लिहून दाखवतो. 2001 पासून वाढत आलेले ‘स्टेलॅरियम’ तर फुकट आहे आणि जगभरच्या हौशी हातांनी घडवलेले आहे. मला त्याबद्दल तक्रार नाही. मी तिला एवढेच म्हटले, की फोन बंद कर आणि आधी उत्तर दाखव. तिने गच्चीवर पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवले. चुकले. मग आम्ही दोघींनी मुठी मोजल्या.

पामच्या कॅलेंडरात वर्षे पुढे नेत गेले की 2031 च्या 31 डिसेंबरला ते थांबते. ज्यांनी ते केले त्यांनी वर्षासाठी तेवढीच जागा ठेवली होती. 1904 ला सुरू, 2031 ला बंद. कपाटात पामच्या खालीच मामाची ती शंभर पानी वही होती. मायराच्या नोंदी 2003 च्या ऑक्टोबरपासून सुरू होतात आणि शेवटच्या आजारपणापर्यंत चालतात. मागच्या पुठ्ठ्याच्या आत त्याने भारतातून दिसणाऱ्या ग्रहणांची यादी करून ठेवली आहे. शेवटची ओळ अशी: 20 मार्च 2034, खग्रास सूर्यग्रहण, लडाख. पुढे कंसात स्वतःचे वय मांडले आहे, 98, आणि त्यापुढे एक प्रश्नचिन्ह.

मी पाममधले सेल काढून ठेवले आहेत. आत राहिले तर ते गळतात. वही मुलीने मागून नेली आहे.